आडवी बाटली : फसफसत्या वाईनचा इतिहास आणि छोटा शेतकरी

आजचा विषय पोलादपुरात बसून बोलायला जरा चमत्कारिक वाटेल. विषय आहे फसफसणारी पांढरी वाईन. क्रिकेटच्या बक्षीस समारंभात एकमेकांच्या अंगावर उडवतात आणि जिला आपण सरसकट 'शॅम्पेन' म्हणून मोकळे होतो, ती.

निमित्त एका श्रोत्याच्या प्रश्नाचं. ते नाशिकला गेले होते, तिथे एका छोट्या वाईनरीत त्यांनी अशी एक बाटली पाहिली आणि मला विचारलं, "एवढीशी वाईनरी, नाव कोणी ऐकलेलं नाही, आणि बाटली नावाजलेल्या कंपनीच्या साध्या वाईनपेक्षा महाग. हे असं का? आणि घेतलीच, तर तिच्यात नेमकं चाखायचं काय?"

प्रश्न दोन आहेत, पण उत्तर एकाच इतिहासात आहे. हा इतिहास राजेरजवाड्यांचा म्हणून सांगितला जातो. मला तो द्राक्षं पिकवणाऱ्याचा वाटतो. कारण या पेयाच्या साडेतीनशे वर्षांत एकच भांडण पुन्हा पुन्हा झालंय: माल पिकवतो एक, बाटलीवर नाव दुसऱ्याचं, आणि वर्ष वाईट गेलं की मरतो पहिला. या भांडणाचा एक अंक फ्रान्समध्ये झाला, एक आपल्याच कुलाबा जिल्ह्यात आणि एक घाटावर नारायणगाव-नाशिककडे. तिन्हीकडे जाऊ.

बुडबुडा येतो कुठून?

आधी थोडं तंत्र, कारण त्याशिवाय किंमत कळणार नाही.

आंबोळीचं पीठ रात्री भिजवून ठेवलं की सकाळी फुगून वर येतं. का? पिठातले सूक्ष्म जीव साखर खातात आणि वायू सोडतात. द्राक्षाच्या रसात हेच होतं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल तयार होतं आणि कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो. उरते ती साधी, न फसफसणारी वाईन.

आता ही तयार वाईन बाटलीत भरली, तिच्यात थोडी साखर आणि थोडं यीस्ट घातलं आणि झाकण घट्ट बसवलं, तर? यीस्ट पुन्हा कामाला लागतं, पण वायूला बाहेर जायला वाट नसते. तो वाईनमध्येच विरघळतो. लिटरमागे साधारण चार ग्रॅम साखरेने एक वातावरण दाब तयार होतो. चोवीस ग्रॅम घातली की सहा वातावरणं. मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या दुपटीहून जास्त दाब त्या बाटलीत असतो. म्हणून ती बाटली इतकी जाड आणि जड. रिकामीच आठशे ग्रॅमच्या वर भरते.

हे कोणी शोधलं? दॉं पेरिन्यों नावाच्या भिक्षूने, असं सांगितलं जातं. "मी तारे पितोय" असं तो म्हणाला, ही गोष्टही सांगतात. गोष्ट छान आहे, पण पुढे जाहिरातीसाठी पसरवलेली. पेरिन्यों १६६८ पासून ओव्हिलेर इथल्या मठात कोठाराचा प्रमुख होता आणि द्राक्षांच्या मिश्रणात तरबेज होता. पण बुडबुडे हा त्याच्या लेखी दोष होता. शॅम्पेन प्रांत थंड. हिवाळ्यात यीस्ट अर्धवट काम करून झोपी जायचं, वसंतात बाटलीत जागं व्हायचं आणि बाटल्या फुटायच्या. हे टाळायची त्याची धडपड होती.

बुडबुडे मुद्दाम आणायचं लेखी वर्णन सापडतं ते लंडनमध्ये. १७ डिसेंबर १६६२ रोजी ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रज वैद्याने रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. वाईन फसफसती व्हावी म्हणून व्यापारी तिच्यात साखर आणि मळी घालतात, असं त्याने त्यात नोंदवलं. इंग्रजांना हे जमलं, कारण त्यांच्याकडे बाटल्या मजबूत होत्या. जहाजांसाठी लाकूड राखायचं म्हणून तिथे काचेच्या भट्ट्यांना लाकूड जाळायची बंदी झाली होती. दगडी कोळशाची आच जास्त, म्हणून काच जास्त कणखर. म्हणजे या नाजूक पेयामागे आरमाराचं लाकूड-धोरण आहे.

एक अडचण उरली. दुसऱ्यांदा आंबवल्यावर मेलेलं यीस्ट बाटलीतच राहतं, वाईन गढूळ दिसते. ती अडचण सोडवली एका विधवेने. बार्ब-निकोल क्लिको २७ व्या वर्षी, १८०५ मध्ये विधवा झाली आणि तिने नवऱ्याचा धंदा हातात घेतला. १८१६ च्या सुमारास तिने आणि तिच्या कोठीतल्या लोकांनी भोकं पाडलेलं एक टेबल केलं. आडव्या ठेवलेल्या बाटल्या त्या भोकांत तोंड खाली करून खोचायच्या, रोज थोड्या फिरवायच्या, हळूहळू उभ्या करत न्यायच्या. गाळ सरकत सरकत बुचाशी येतो. मग झाकण उघडून तो उडवायचा, तेवढी तूट वाईनने आणि किंचित साखरेने भरायची आणि खरं बूच मारायचं. आज गाळ असलेलं तोंड गोठवतात आणि फिरवायचं काम यंत्र करतं, पण पद्धत तीच आहे.

आता हिशेब बघा. साधी पांढरी वाईन काही महिन्यांत विकायला काढता येते. ही बाटली मात्र गाळावर आडवी पडून राहते. शॅम्पेनचा नियम किमान पंधरा महिन्यांचा आहे, चांगल्या सालाच्या बाटलीला तीन वर्षांचा. तेवढा काळ शेतकऱ्याचे पैसे अंधारात आडवे पडलेले असतात. कोठार थंड ठेवायचं, जाड काच घ्यायची, बूच आणि त्यावरची तार घ्यायची, एकेक बाटली हाताळायची. श्रोत्याच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. मोठी कंपनी हा खर्च लाखो बाटल्यांवर पसरवते. छोट्याला तो काही हजार बाटल्यांवर पडतो.

१९११: पेटलेलं गाव

क्लिकोबाईंच्या शोधाने शॅम्पेन कारखान्याचा माल झाली. रँस आणि एपर्ने या शहरांत मोठमोठी 'घराणी' उभी राहिली: त्यांची कोठारं, त्यांचे दलाल, त्यांची चित्रं काढलेली लेबलं. द्राक्षमळे मात्र हजारो छोट्या शेतकऱ्यांच्या ताब्यात. घराणी त्यांच्याकडून द्राक्षं विकत घेत. भाव कोण ठरवणार? घराणीच. द्राक्ष तोडल्यावर थांबत नाही. त्याच दिवशी गेलं नाही तर वाया. शेतकऱ्याच्या हातात सौद्याला वेळच नसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिलॉक्सेरा ही मुळं खाणारी कीड आली. त्यावर लागोपाठ वाईट हंगाम आले, आणि १९१० मध्ये पाऊस नि रोगराईने पीक जवळजवळ बुडालं. तरी घराण्यांच्या बाटल्या बाजारात येतच होत्या. कशा? काही घराणी लुआर आणि दक्षिण फ्रान्समधून स्वस्त माल आणून त्यावर शॅम्पेनचं लेबल लावत होती. गावातला शेतकरी उपाशी आणि त्याच्या गावाचं नाव विकलं जातंय.

जानेवारी १९११ मध्ये शेतकऱ्यांनी असा माल आणणाऱ्या गाड्या अडवल्या, पिंपं फोडली, वाईन नदीत ओतली. एप्रिलमध्ये सरकारने सीमांच्या नियमाबाबत कच खाल्ली तेव्हा भडका उडाला. आई नावाच्या गावात (हो, नाव असंच उच्चारतात) घराण्यांच्या इमारती जाळल्या गेल्या. सैन्य बोलवावं लागलं.

दंगलीने पोट भरत नाही. पण त्यानंतर जे झालं ते महत्त्वाचं आहे. गावागावाच्या द्राक्षांची प्रत ठरवून त्यावर भाव बांधायची पद्धत आली. १९२७ च्या कायद्याने शॅम्पेन कुठल्या जमिनीवर पिकते याची हद्द पक्की झाली, १९३६ मध्ये नावाला कायदेशीर संरक्षण मिळालं. १९३० च्या मंदीत घराण्यांनी खरेदी आखडली तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी ठरवलं की द्राक्षं फेकण्यापेक्षा आपणच बाटली भरू. सहकारी संस्था निघाल्या. आज तिथल्या लेबलवर बारीक अक्षरांत दोन रोमन अक्षरांची खूण असते. 'आर एम' असेल तर ज्याने पिकवली त्यानेच बनवली, 'एन एम' असेल तर द्राक्षं विकत घेणाऱ्या घराण्याची. आजही जवळपास नव्वद टक्के मळे शेतकऱ्यांच्या मालकीचे आहेत, आणि विक्रीतला दोन-तृतीयांशाहून मोठा वाटा घराण्यांचा. भांडण मिटलेलं नाही. पण निदान कोण कोण आहे ते लेबलवर लिहिलेलं असतं.

आपल्याकडचं फसफसतं पांढरं

आता तिथून थेट कोकणात येऊ. तुम्ही म्हणाल, इथे कुठली शॅम्पेन? पण विचार करा. पांढरं, आपोआप फसफसणारं, ज्याने काढलं त्यानेच विकलेलं, ताजंच प्यायचं पेय आपल्या किनाऱ्यावर शतकानुशतकं होतं. माडी.

सकाळी उतरवलेला रस गोड असतो. मडक्याला आतून चुना लावलेला असेल तर तो तसाच गोड राहतो, ती नीरा. चुना नसेल तर हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट तासाभरात कामाला लागतं, दुपारपर्यंत फेस येतो, संध्याकाळी आंबट. अल्कोहोल बिअरइतपत. पांढरा रंग बराचसा यीस्टचाच. बाटलीत कोंडायची सोय नाही, म्हणून बुडबुडा त्याच दिवशी संपतो. भंडारी समाज हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आला. गोव्यात त्यांना रेंदेर म्हणतात. आपल्यासारख्या आतल्या, डोंगराकडच्या भागात माडाऐवजी मोहाचं फूल होतं. ते वाळवून, आंबवून, घरच्या भट्टीत गाळायचे.

मग आला १८७८ चा मुंबई अबकारी कायदा. चार्ल्स प्रिचर्ड नावाच्या अधिकाऱ्याने रचलेली ही व्यवस्था. झाड छेदायला परवाना, झाडागणिक कर, गाळायचा हक्क फक्त सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांना, विकायचा हक्क लिलावात बोली जिंकणाऱ्या ठेकेदाराला. उरण हे त्या मोठ्या भट्ट्यांचं केंद्र झालं. ठाणे-कुलाब्याच्या किनाऱ्यावर भंडाऱ्यांनी आवाज उठवला, पण कर हटला नाही. १८९२ मध्ये खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा आला. फुलं साठवणं आणि त्यांचा व्यापार यांवर बंधनं आली. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. महाड आणि पोलादपूर त्यात आलंच. जंगलातलं फूल वेचणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने संशयित झाला.

सरकारने कारण दिलं ते दारू कमी करायचं. वसूल मात्र वाढत गेला. घरोघरची हलकी, त्या दिवसापुरती पेयं महाग आणि बेकायदा झाली, आणि लांबून पिंपात येणारी कडक दारू सोपी झाली. मी इथे माडीचं गुणगान गात नाहीये. दारूने आपल्या भागातली किती घरं मोडली हे सगळ्यांना ठाऊक आहे. मुद्दा एवढाच की छोटा उत्पादक इतिहासातून कसा पुसला जातो. शॅम्पेनचा शेतकरी सरकारकडे गेला तेव्हा कायद्याने त्याच्या गावाच्या नावाला कुंपण घातलं. आपला माडीवाला गेला तेव्हा कायद्याने त्याच्या झाडालाच नंबर ठोकला. फरक पेयाच्या प्रतीचा नव्हता. एकाकडे मत होतं, दुसऱ्याकडे नव्हतं.

नारायणगाव ते दिंडोरी

आता घाट चढू. पोलादपुरात द्राक्षं का होत नाहीत हे सांगायची गरज नाही. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. त्या ओलीत द्राक्षवेलीला केवडा आणि भुरी सोडणार नाही. आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठा, तिथे तर आपल्याहून जास्त. पण पाचगणी उतरून वाईला या, पाऊस एकदम रोडावतो. सह्याद्रीच्या या पडछायेतल्या कोरड्या पट्ट्यात, तासगावपासून जुन्नर आणि नाशिकपर्यंत, महाराष्ट्राची द्राक्षं पिकतात.

तिथे फसफसती वाईन पहिल्यांदा गंभीरपणे झाली ती १९८० च्या दशकात, जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला. उद्योजक श्यामराव चौगुले यांनी फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक या शॅम्पेन घराण्याचं तांत्रिक साहाय्य घेतलं आणि बाटलीत दुसऱ्यांदा आंबवायची तीच जुनी पद्धत सह्याद्रीत आणली. परदेशात ही वाईन 'ओमर खय्याम' नावाने गेली, देशात 'मार्की द पॉम्पादूर' नावाने. दाखवून दिलं की हे इथे होऊ शकतं. कंपनी पुढे इंडेज नावाने मोठी झाली.

२००० मध्ये राजीव सामंत यांच्या सुला वाईनरीची पहिली वाईन नाशिकहून आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केलं: अबकारी करात सवलत, वाईनरीला लघुउद्योगाचा दर्जा, निफाड तालुक्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस इथे वाईन पार्क. बघता बघता वाईनरी उगवल्या. अनेक शेतकऱ्यांनी थॉम्सनचे मळे काढून शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराझ लावली. कंपनीशी करार, ठरलेला दर.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळा धोका तिच्यात आहे. खायचं द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारलं तर दुसरा घेतो, तोही नाही तर बेदाणा होतो. वाईनचं द्राक्ष लहान मण्याचं, जाड सालीचं, बियांचं. ते मंडईत कोणी घेत नाही. त्याला एकच गिऱ्हाईक: वाईनरी.

आणि मग २००८ आलं. जागतिक मंदी, त्यात नोव्हेंबरमध्ये मुंबईवरचा हल्ला. हॉटेलं ओस पडली, वाईनचा खप घसरला, टाक्या भरलेल्या राहिल्या. इंडेज कर्जात बुडाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि कंपनी अवसायनात निघाली. द्राक्षं दिलेल्या शेतकऱ्यांची देणी अडकली. अनेकांनी वाईनच्या वेली मुळासकट काढून पुन्हा खायची द्राक्षं लावली. वेल लावल्यापासून चांगलं पीक द्यायला दोन-तीन वर्षं घेते, त्यामुळे उपटलेली वेल म्हणजे तेवढी वर्षं उपटलेली. १९११ च्या शॅम्पेनची गोष्ट, शंभर वर्षांनी, आपल्या भाषेत.

त्या पडझडीतून उभ्या राहिलेल्यांपैकी काहींनी फसफसत्या वाईनवर भर दिला. अकलूजजवळ फ्रातेल्ली, गंगापूर धरणाजवळ यॉर्क. यॉर्क २०२१ मध्ये सुलाच्या ताब्यात गेली. २०१३ मध्ये मोएत हेनेसी या फ्रेंच कंपनीने दिंडोरीत शाँदों सुरू केली. म्हणजे १९११ मध्ये ज्या प्रकारच्या घराण्यांशी शॅम्पेनचा शेतकरी भांडला, त्यांतलं एक आता आपल्या दिंडोरीच्या शेतकऱ्याची द्राक्षं घेतं. यात चांगलंही आहे. मोठं गिऱ्हाईक आलं, प्रतीचे कडक निकष आले, तोडणीची शिस्त आली. पण बाटलीवर नाव कोणाचं हा प्रश्न जिथल्या तिथे आहे. छोट्या वाईनरीची बाटली म्हणूनच महत्त्वाची. ती त्या प्रश्नाचं एक उत्तर आहे, महागडं असलं तरी.

बाटली उघडताना

आता दुसरा प्रश्न, चाखायचं काय. अशी एक छोट्या वाईनरीची शेनिन ब्लांची बाटली मी या भागासाठी मागवली. पुण्याहून वाई, महाबळेश्वर आणि आंबेनळी घाटाच्या वळणांनी ती पोलादपूरला आली. घाटातून आलेली बाटली लगेच उघडू नका. एक-दोन दिवस फ्रिजमध्ये शांत पडू द्या. आठ ते दहा अंश पुरे. फ्रीजरमध्ये टाकू नका. घाई असेल तर बादलीत पाणी, बर्फ आणि मूठभर मीठ, अर्धा तास.

उघडताना बूच फिरवायचं नाही, बाटली फिरवायची. बुचावर अंगठा, तार सैल करायची, बूच घट्ट धरून तळाकडून बाटली वळवत राहायची. 'ठो' असा आवाज म्हणजे वाया गेलेला वायू. नुसता सुस्कारा यायला हवा. आणि तोंड माणसांकडे करू नका, सहा वातावरणं लक्षात ठेवा.

ग्लास अरुंद नळीसारखा नको, मधे थोडा फुगलेला हवा, म्हणजे वास गोळा होतो. ओतल्यावर बुडबुडे बघा. ग्लासला चिकटलेल्या कापसाच्या बारीक तंतूंवर ते जन्मतात, म्हणून एकाच जागेवरून माळ सुटते. जोरात, मोठाले बुडबुडे येऊन दोन मिनिटांत थंडावले, तर बहुधा वायू बाहेरून भरलेला आहे. बाटलीत आंबलेल्या वाईनचे बुडबुडे बारीक असतात आणि रेंगाळतात.

वास दोन टप्प्यांत घ्या. पहिला फळाचा: माझ्या ग्लासात हिरवं सफरचंद होतं, लिंबाची साल होती आणि मागे कच्च्या पेरूचा हलका वास. दुसरा टप्पा थोडं थांबल्यावर येतो, आणि सगळा खर्च तिथे झालेला असतो: भाजलेला पाव, तव्यावरच्या तांदळाच्या भाकरीचा किंचित करपलेला काठ, आंबोळीच्या पिठाचा उबदार आंबूस वास. ही यीस्टच्या गाळावर महिनोन्‌महिने पडून राहण्याची खूण. ती नसेल तर बाटली लवकर बाहेर काढलीय.

घोट तोंडात धरा. आंबटपणा जिभेच्या कडांना जाणवतो. हाच आंबटपणा नाशिकच्या शेतकऱ्याची खरी कसोटी. तिथे ऑक्टोबरमध्ये छाटणी होते आणि थंडीत पीक तयार होतं. पण ऊन चढलं की द्राक्षातला आंबटपणा झपाट्याने उतरतो. म्हणून फसफसत्या वाईनची द्राक्षं साध्या वाईनच्या आधी तोडतात, साखर अठरा-एकोणीस ब्रिक्स असतानाच, आणि तीही पहाटेच्या गारव्यात. दोन-चार दिवस उशीर झाला तर वाईन मऊ आणि बेचव. बुडबुड्याचं श्रेय कोठाराला मिळतं, पण या आंबटपणाचं श्रेय मळ्यात उभ्या असलेल्या माणसाचं आहे. माझ्या बाटलीत तो ताठ होता, शेवटपर्यंत टिकला. फळ थोडं लवकर संपलं, पण कडवट काही मागे राहिलं नाही. चांगली वाईन. जगातली सर्वोत्तम नव्हे, तसं म्हणायची गरजही नाही.

लेबलवरच्या शब्दांचा एक गोंधळ दूर करतो. 'ब्रूट' म्हणजे कोरडी, लिटरमागे बारा ग्रॅमपर्यंत साखर. 'एक्स्ट्रा ड्राय' नाव ऐकून त्याहून कोरडी वाटेल, पण ती ब्रूटपेक्षा गोड असते. 'डेमी सेक' तर चांगलीच गोड. 'ट्रॅडिशनल मेथड' लिहिलं असेल तर दुसरं आंबवणं बाटलीतच झालंय.

सोबत काय? खारट आणि तळलेलं. रवा लावून तळलेले बोंबील, कोथिंबीर वडी, पोह्याचे पापड. आंबटपणा तेल कापतो आणि बुडबुडा जीभ धुतो. लाल तिखटाचं झणझणीत कालवण मात्र नको, बुडबुड्यांनी तिखट आणखी चढतं.

उभी की आडवी?

शेवटी एक गोष्ट. महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. आडवी बाटली जिंकावी म्हणून बायकांनी दारोदार फिरून लढे दिलेत. त्यांच्या रागामागे अनुभव आहे, आणि वाईनची भलामण करताना तो विसरणारा माणूस मला पटत नाही. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हा "शेतकऱ्याचं भलं" हे कारण पुढे केलं गेलं. विरोध झाला, निर्णय अंमलात आला नाही. त्या वादात दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचं नाव घेतलं. पण करार कसा असतो, पैसे किती दिवसांत मिळतात, कंपनी बुडाली तर द्राक्षं कोण घेतं, यावर फारसं कोणी बोललं नाही. शॅम्पेनच्या शेतकऱ्याने १९११ नंतर मिळवलं ते नेमकं हेच: हद्द, दर आणि लेबलवर खूण.

तेव्हा श्रोत्यांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. छोट्या वाईनरीची बाटली महाग आहे कारण ती वर्षभर कुणाच्या तरी पैशावर आडवी पडून होती. घेणार असाल तर कमी घ्या, चार जणांत एक घ्या, परवान्याचे नियम पाळा. आणि विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: द्राक्षं कोणाच्या मळ्यातली? उत्तर पटकन आणि गावाच्या नावासकट आलं, तर बाटली योग्य हातातून आलीय असं समजा.

पुढच्या भागात घाटावरून खाली उतरू आणि सावित्रीच्या काठाने महाडच्या जुन्या बंदराकडे जाऊ. तोवर नमस्कार.